मिक्सर

दुकानात तीन मिक्सर पडलेत.
एक साळेगावकर बाईंचा, आर्मेचर जळालेला,
बाकी दोघांच्या चिठ्ठ्या कधीच उडाल्या.
चौथा मी महिनाभर नुसता डोक्यात फिरवतोय
आणि बायको विचारते, त्यात चटणी होते का?

होत नाही.
त्यात सात घालायचे आणि सोळा.
सात आभाळातून येतात, गच्चीवर आडव्या बांधलेल्या तारेतून,
सोळा माझ्या घरचे, क्रिस्टलनं मोजून दिलेले.
आत घुसळण होते, बाहेर पडतात तेवीस आणि नऊ.
तेवीस सोडून द्यायचे, नऊ धरायचे.
बेरीज टाकायची, वजाबाकी ठेवायची.
वजाबाकीपायीच शाळेत मार खाल्लेला मी.

आधी चिप आणली, हैदराबादहून.
आठ पायांची, शेंगदाण्याएवढी.
सहा व्होल्ट दाखवले की लागते कामाला,
आलेलं वाढवून देते, वर काही मागत नाही.
पहिल्याच रात्री गुंटूरकडचा कुणी
आपल्या अँटेनाची उंची सांगत होता
आणि त्याच्या वाक्याच्या पोटात, अगदी शेजारी बसल्यासारखी,
आपली परभणीची आकाशवाणी:
शेंदरी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावावेत.
गुंटूरवाल्याच्या तारेला अळी लागली.

चाऊस सर खुर्चीतून पडायचे राहिले हसून.
टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत,
कानात अजून रिले वाजतात म्हणतात.
"गरीब है बिचारी," चिपकडं बघून म्हणाले,
"ना बोलना नै आता उसको.
मनोरा इथं दीड कोसावर. दणका बसला की बधिर होणारच.
चार डायोड घे, कड्यात बांध.
ते तुला देणार काहीच नाहीत,
उलट आलेल्यातलं पाऊण खातील.
पण घाबरणार नाहीत कुणाला."

पाऊण!
मुळात जे मुंगीच्या पावलानं येतं
त्यातलं पाऊण दारातच देऊन टाकायचं?
आठवडा गेला यावर. दोन मोटारी उलट्या भरल्या.
मग चिप डबीत ठेवली, पाय वर करून.

पन्नास डायोड ताटात ओतले.
मीटर लावून एकेक. ५८१. ५७४. ५९०. परत ५८१.
शिवकन्या वहीत आकडे लिहायला बसली.
"सगळे सारखेच दिसतात की, पप्पा."
दिसतात.
रात्री साडेदहाला एका आकड्याचे चार निघाले.

राहिलं कडं.
पाच अश्वशक्तीच्या मोटारी भरणारी माझी बोटं
आणि करंगळीतही न जाणारं काळं कडं.
तीन तारा एकत्र पिळून दहा वेढे, अशी दोन.
तीनदा तुटलं. शिवकन्यानं तारा ओढून घेतल्या
आणि शाळेला जाताना घालते तशी वेणी घातली.
वेणी नको, पीळ पाहिजे, म्हणेपर्यंत घालून झाली होती.
तशीच लावली.

त्या रात्री लाइट गेली.
गल्ली शिव्या देत ओट्यावर आली, मी आत पळालो,
फवारणी पंपाची बॅटरी जोडली.
शेजारपाजारचे चार्जर, ट्यूब, टीव्ही, सगळी खरखर मेलेली.
मनोऱ्याचा लाल दिवा खिडकीतून दिसत होता,
म्हणजे ती चालू होती. कानात नव्हती.
कानात खूप खाली, विहिरीच्या तळाशी,
कुणीतरी हातानं मोर्स ठोकत होता, जरा अडखळत:
कुणी आहे का, कुणी आहे का.
नवखा असावा. किंवा म्हातारा.
चाऊस सर असते तर हातावरून सांगितलं असतं.

उत्तर द्यायचा परवाना नाही माझ्याकडं,
परीक्षेचा फॉर्म अजून टपालात.
चौथ्यांदा विचारून तो थांबला.
मी उगाच हेडफोन दाबून धरला.

मग लाइट आली, पोरं ओरडली, खरखर परतली,
आणि मोबाइल वाजला. साळेगावकर बाई:
मिक्सर झाला का हो?

झाला, म्हणालो.
त्या कुठला विचारतायत ते नंतर आठवलं.