भिंत आणि डोकं यांच्यामध्ये

पहाटे चारला पाठ मला उठवते.
गजराची गरज उरलेली नाही.
आधी कूस, मग कोपर, मग पलंगाची कड,
मग जरा थांबून
गंजलेली बिजागरी उघडावी तशी मी उभी राहते.
वाड्सोमध्ये नोव्हेंबरात पहाट
फक्त घड्याळात असते.

फ्रीजमध्ये बकरीच्या चीजशेजारी इंजेक्शन,
पंधरवड्याला एक.
मधले दिवस माझे मलाच हलवायचे.

मंगळवारी तलाव. पाणी चौतीस अंश,
बाहेर उणे अकरा, काचांवर वाफ.
आम्ही पाच जण, एकाच आजाराची पाच वयं.
आन्तेकडे रेनडियर किती, हे विचारायचं नसतं,
बँकेतली शिल्लक विचारल्यासारखं होतं ते.
मणके किती जुळलेत हे मात्र
तो आपण होऊन सांगतो.
सिवर्त बावीसचा. घरी व्यायाम करतो म्हणतो.
योरुन त्यावर काही बोलत नाही,
फक्त टेप काढते.

छातीभोवती गुंडाळून म्हणते, सोड, सगळा सोड.
आता घे.
रिकाम्या आणि भरल्या छातीतला फरक
अडीच सेंटिमीटर.
एवढ्यातच माझं हसणं, शिंकणं,
कारखान्यात कॉड चिरताना हासडलेली शिवी
बसवायची.

मग भिंत.
टाचा लाव. पाठ लाव. हनुवटी आत.
डोकं मागे, अजून मागे,
जाईल तिथवर.
मध्ये जे उरतं
ते ती पट्टीने मोजते, वहीत लिहिते.
ईदुनची उंची आम्ही दाराच्या चौकटीवर मांडतो,
दर वाढदिवसाला एक रेघ वर.
माझं मोजमाप आडवं.

बाबांचं कुणी मोजलं नाही.
आर्विद, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा,
चाळिशीतच रस्त्याकडे बघत चालायचा.
गाव त्याला बुटांवरून कळायचं.
दुकानात कुणी समोर आलं
की आधी तळव्यांचा चिखल बघून म्हणायचा,
धक्क्यावरून आलात वाटतं.
चर्चमध्ये म्हाताऱ्या म्हणायच्या,
किती नम्र माणूस, मान वर म्हणून करत नाही.
त्याने ते कधी खोडून काढलं नाही.
आजाराला नाव नव्हतं,
नम्रपणाला होतं.

शवपेटीत त्याला नीट निजवता येईना.
डोकं तसंच अधांतरी,
लाकडापासून वीतभर वर,
जणू कुणी हाक मारली आणि तो उठू लागला.
खाली दोन उशा घालाव्या लागल्या.
त्या मीच घरून आणल्या.
एकीला फुलांचा अभ्रा होता,
बदलायला वेळ नव्हता.

मार्चमध्ये सहा होते. आज पुन्हा सहा.
मी म्हटलं, म्हणजे काहीच झालं नाही.
माझ्या ओल्या केसांतून पट्टी सोडवत योरुन म्हणाली,
हो. काहीच झालं नाही.
आणि त्या सहाखाली तिने
दोनदा रेघ ओढली.
आन्ते पलीकडून टाळ्या वाजवायला लागला,
पाण्यातच, त्यामुळे नुसतेच शिंतोडे.

घरी ईदुनने विचारलं, किती?
मी स्वयंपाकघराच्या भिंतीला टाचा लावल्या.
परवा ती म्हणत होती, सकाळी उठल्यावर टाचा दुखतात.
नवे स्केट्स असतील. असतील.
रक्त तपासायचं का, हे मी अजून
कुणालाच विचारलेलं नाही.

स्टुलावर चढून तिने माझ्या डोक्यामागे
आधी तळवा घातला, तो सैल पडला.
मग मूठ.
मूठ बसली.
दाब, ती म्हणाली.
भात उतू जात होता.
मी दाबलं.