तिसरा खिळा

आमच्या गुणफलकावर प्रत्येक संघाला दोनच खिळे होते.
एवढ्या चिखलात शंभर कोण गाठतंय, म्हणाला होता क्लेम हार्डाइन,
ज्यानं तो उभारला, गव्हाच्या कोठाराचे जुने पत्रे कापून.
त्या साली करंडक आमचा होता
आणि बेकरीत पावावरसुद्धा लाल-काळे पट्टे ओढले होते म्हणे.
म्हणे. माझा जन्म नंतरचा.

मी आकडे टांगते. अकरा वर्षांची असल्यापासून.
नऊचा पत्रा कधीच हरवला, सहाचा उलटा करून भागवते.

मग तळं आटलं.
बँक गेली. शाळेचे वरचे वर्ग गेले,
वर्गांबरोबर उंच मुलं.
उंच मुलं नाहीत तर मधल्या वर्तुळात
चेंडूसाठी उडी कुणी मारायची?
पोस्टमन डार्सी उतरला, वय सत्तेचाळीस, दोन्ही गुडघ्यांना पट्टे.
उडी मारायचा. म्हणजे टाचा उचलायचा.

मिनारूकनं आमच्यावर दोनशे अकरा चढवले.
मध्यंतराआधीच शंभर झाले, आणि मी शिडीवर
एकचा पत्रा हातात धरून उभी,
टांगायला जागा नाही.
खिळा त्यांच्याच मॅनेजरनं आणून दिला,
हातोडीसकट,
न हसता.
त्या न हसण्याचा राग मला अजून आहे.

चौतीस सामने हरलो आम्ही ओळीनं.
चौतीस वेळा लॉर्ना नोस्केनं भोपळ्याचं सूप केलं,
दर वेळी म्हणाली, आज मात्र मीठ बरोबर पडलंय.

बदकांच्या कारखान्यात कामाला आलेली कारेन मुलं
त्या हिवाळ्यात सरावाला आली.
सीमेवरच्या छावणीत वेताचा चेंडू पायावर झेलत वाढलेली.
एह थॉनं आमचा लंबगोल चेंडू हातात घेतला,
बाजारात फणस पारखावा तसा वाजवून पाहिला,
विचारलं, याची खालची बाजू कुठली?
डार्सीला सांगता आलं नाही.

पस्तिसावा सामना. सत्तावन्न-सत्तावन्न.
भोंगा वाजला तेव्हा चेंडू एह थॉच्या हातात,
एवढी एकच लाथ उरलेली.
चेंडू गेला, वाऱ्यानं वळला,
आणि खांबावर आपटला.

खांबाला लागला म्हणजे नेम चुकला.
चुकला म्हणजे एक गुण.
बाहेरच्या माणसाला हे समजावताना माझी दमछाक होते,
पण या खेळात चुकल्याचाही एक मिळतो.

मैदानाभोवती लावलेल्या गाड्यांचे हॉर्न
एवढा वेळ वाजले की पाद्रीबुवांची बॅटरी उतरली.
त्यांची गाडी ढकलायला दोन्ही संघ.
मी सातचा काढून आठ लावला. हात थरथरत होते,
पत्रा खाली पडला, पुन्हा उतरले.

पुढच्या शनिवारी ऐंशीनं हरलो.
सूप खारट झालं होतं.

पाहुण्यांच्या बाजूचा तो तिसरा खिळा आता गंजलाय.
आमच्या बाजूला मी एक ठोकलाय,
शुक्रवारी संध्याकाळी, कुणी नसताना.
सध्या त्यावर माझा कोट असतो.