कुठवर आलं होतं

अंबडला, बेअरिंगच्या कारखान्यात
माझं काम एवढंच :
रिंग उचलायची, मायक्रोमीटरात धरायची,
टिक् झालं की आकडा लिहायचा.
पंचवीस रिंगांची सरासरी अचूक आली
म्हणून लॉट पास होत नाही.
एक जाड, एक बारीक, सरासरी देखणी,
असला माल एकोणीस वर्षं परत पाठवतोय मी.

आणि घरी, तीन वर्षं,
मोबाइलवरचा हिरवा आकडा बघून
स्वतःला पास करत आलो.
एकेचाळीस हजार सहाशे. नफा.
थेटे म्हणाला होता, सानप, सेकंड शिफ्ट मागून घे कायमची,
सकाळ तुझी, बाजार तुझा.
घेतली.

रविवारी मुलीची जुनी चौकटीची वही काढली.
सातशे सोळा दिवस उतरवले, एका चौकटीत एक.
दिवसाची सरासरी निघाली अठ्ठावन्न रुपये.
एक मिसळ. वर पाव मागायचा नाही.

मग प्रत्येक दिवस त्या अठ्ठावन्नपासून
किती लांब उभा आहे ते मोजलं.
वजाबाकी, मग वर्ग.
वर्ग का, ते ट्रेनिंगला शिकवलेलं :
उणे चिन्हाआड कुणाला लपू द्यायचं नाही.
हे मात्र शिकवलं नव्हतं, की
बारक्या चुका वर्गातही मागच्या बाकावर बसतात
आणि एकच गुरुवार पानभर पसरतो.
वर्गमूळ : तीन हजार नऊशे.
अठ्ठावन्न, अधिक-उणे तीन हजार नऊशे.
असं ड्रॉइंग कुणी माझ्या टेबलावर ठेवलं असतं
तर विचारलं असतं, साहेब, ही रिंग आहे की भाकरी?

एक रकाना उरला होता.
सगळ्यात वरून सगळ्यात खाली.
तीन लाख बारा हजार. मग एक लाख चौऱ्याहत्तर.
शेकडा चव्वेचाळीस गेले की
परत यायला शेकडा एकोणऐंशी लागतात.
दोनदा करून पाहिलं, तेवढेच लागतात.
तारीख पाहिली. ऑगस्टचा दुसरा आठवडा.

त्या दिवशी माझी सुट्टी होती, आम्ही होळकर पुलावर.
धरणातून सोडलेलं पाणी, गढूळ,
अख्खं नाशिक कठड्याला.
गोदावरीचा पूर इथं कुणी फुटांत विचारत नाही.
दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं, एवढंच.
गुडघ्याला, कमरेला, छातीला.
वर्षाची सरासरी त्याला कुणी विचारल्याचं ऐकलं नाही.
नलिनी गर्दीत मागे, तिला दिसत नव्हतं.
तिनं विचारलं, कुठवर आलंय हो?
आणि माझ्या तोंडून निघालं,
काही नाही गं, येतील परत.

रविवारी तिला बोलावलं. वहीवर बोट ठेवलं.
इथं, म्हटलं. कमरेपर्यंत.
तिनं आकडा वाचलाच नाही.
म्हणाली, तेव्हा तुम्ही रात्री साडेबाराला येऊन
गाडी पुसत बसायचात. अंधारात.
एकदा तर चाकाची एकेक तार घासलीत.
मी मोजत होते.
त्या महिन्यात अकरा वेळा.
मला गळ्यापर्यंत वाटलं होतं.

उद्या सव्वानऊला बाजार उघडेल.
गो-नोगो गेजसारखा एक आकडा लिहून फ्रिजला लावलाय : अकराशे.
एका दिवसात त्याच्यापुढे गेलं की फोन तिच्याकडे.
गाडी खाली उभी आहे.
मडगार्डवर शनिवारचा चिखल.
दोनदा खाली जाऊन आलो,
फडकं हातात घेतलं नाही.