नये

चरईत, दातांच्या दवाखान्याच्या जिन्याखाली
टिपणीसबाईंचं अक्षरजुळणीचं दुकान.
"अठ्ठ्याण्णव गेलं गं," त्या फोनवर म्हणाल्या,
घरातल्या मांजराबद्दल सांगावं तशा.
मी समजले : विंडोज अठ्ठ्याण्णव.

मदरबोर्ड जळलेला. डिस्क जिवंत.
डिस्कवर पंचवीस वर्षांच्या पत्रिका,
बारशी, मुंजी, वर्षश्राद्धं,
तीन सोसायट्यांचे अहवाल
आणि वरच्या दंतवैद्याचं अर्धवट आत्मचरित्र.

नव्या मशीनवर फाईल उघडली, तर
श्रीगजाननाच्या जागी
पाउंडाचं चिन्ह, टोपी घातलेला ए,
आणि उलटं प्रश्नचिन्ह.
"हे काय?"
"तुमचाच मजकूर. याला तुमचा फॉन्ट कळत नाही."
"शिकव की मग त्याला."

शिकणार नव्हतं ते.
मी म्हटलं, आपण एक खोटा कॉम्प्युटर करू.
खरा बाहेर, खोटा त्याच्या आत.
आतल्याला वाटेल, आपल्याला रॅम आहे,
स्वतःची डिस्क आहे, फ्लॉपीचं तोंडसुद्धा आहे.
सगळं बाहेरच्यानं दिलेलं,
पानात वाढावं तसं, बेतानं.
बाहेरच्याला म्हणतात यजमान,
आतल्याला पाहुणा.

"आणि पाहुण्याला कळतच नाही, आपण पाहुणे आहोत?"
"नाही."
बाईंनी चष्मा पुसला.
"चांगलं घर म्हणायचं."

दोन दिवस गेले.
फॉन्टचं कुलूप प्रिंटरच्या जुन्या पोर्टला लागायचं,
नव्या मशीनला तसलं पोर्टच नाही.
वागळे इस्टेटमधून कार्ड आणलं, ते चालेना,
दुसरं आणलं.
रस्त्यावर मेट्रोवाले खणत होते,
दर अर्ध्या तासानं दिवे मिचकावत.
दुपारी बाईंनी डब्यातलं बिरडं
निम्म्याहून जास्त माझ्याकडे सरकवलं,
मी नको म्हणायच्या आत.

तिसऱ्या दिवशी उघडलं.
मोठ्या पडद्याच्या मधोमध
पोस्टाच्या तिकिटाएवढं आभाळ, त्यात ढग,
आणि तो जुना सूर
नव्या स्पीकरमधून.
बाई खुर्ची ओढून बसल्या.
माउस आत गेला तो बाहेर येईना.
"उजवं कंट्रोल दाबा. अडकलात की हेच बटण."
त्यांनी स्टिकर कापला, त्यावर
बॉलपेननं लिहिलं : बाहेर.

"आतलं घड्याळ बरोबर लावू?"
"राहू दे. त्याला कुठं जायचंय."

मला वाटलं, आधी आत्मचरित्र उघडतील.
त्यांनी फेब्रुवारी दोन हजार एक उघडलं.
राजे–कर्णिक शुभविवाह, घंटाळीजवळचा हॉल,
चारशे प्रती, सोनेरी शाई.
अगदी तळाशी, वेलबुट्टीच्या वर :
कृपया आहेर आणू

एवढंच. पुढं चौकट संपलेली.
"प्रूफ मीच वाचलं होतं," बाई म्हणाल्या.
"अकरा लेमन सेट आले म्हणे.
मुलीचे मामा इथं येऊन उभे राहिले,
तू बसलीयस तिथं.
काही बोलले नाहीत. बिल नाही दिलं.
मीही मागितलं नाही."

चौकटीची खालची कड धरून
त्यांनी हळूच ओढली, दोन मिलिमीटर असेल.
'नये' उतरलं खाली,
पूर्णविरामासकट.
इतकी वर्षं तिथंच होतं,
कडेच्या आत दुमडलेलं.

"छापायचंय?"
"कुणाला वाटू? त्यांचा मुलगा इंजिनीअरिंगला आहे आता."
त्यांनी सेव्ह केलं.
"हे खरं बदललं ना? की आतल्या आत?"

मी सांगायला लागले,
की आतली अख्खी डिस्क म्हणजे
बाहेरच्या डिस्कवरची एकच फाईल,
त्यामुळे एका अर्थानं

पण त्या स्टिकरवर बोट ठेवून
बाहेर आल्या होत्या,
ड्रॉवर उघडून विचारत होत्या,
"तुझं किती झालं?"