मुळं भादरली त्या दुपारी

दुकानाला नवं फर्निचर केलं तेव्हा
साडूनं पुण्याहून आणलेलं हे झाड.
ऑर्किड. जांभळी फुलं, सात.
चिनी मातीचं भांडं, खाली भोक नाही.
किंमत ऐकून म्हटलं, एवढ्यात दोन खुर्च्यांचं रेक्झिन झालं असतं.
तरी ठेवलं आरशासमोर,
सातची चौदा दिसायची.

गिऱ्हाईक विचारायचं, प्लास्टिकचंय का?
मी हो म्हणायचो.

एप्रिल लागला आणि पानं लोंबली,
सुरकुतली म्हाताऱ्याच्या गालासारखी,
दोन बोटांनी ताणून धरल्याशिवाय
ज्याच्यावर वस्तरा चालत नाही.
बनी तो बनी, नाहीतर परभणी.
म्हटलं, आपलं ऊन याला सोसंना, तहानलंय.
केसांवर मारायच्या फवाऱ्यानं पाणी मारलं,
जाता-येता अर्धा ग्लास ओतला.
पानं आणखीच मऊ.

खिल्लारे मामा, विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून रिटायर,
अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून उठले,
भांड्यात बोट खुपसलं, नाकाशी नेलं.
“मारोती, हे तहानेनं नाही मरायलं. बुडायलंय.
पान दोन्ही वेळेला सारखंच दिसतं.”

वर्तमानपत्रावर उपडं केलं.
तुंबलेल्या बेसिनचा वास.
मुळं तपकिरी, चिमटीत धरलं की
साल निसटून बोटाला, आत नुसता दोरा.

“भादर,” मामा म्हणाले.

तीस वर्षं झाली या हाताला.
लेकरांची जावळं काढली, नवरदेव केले,
केसाला दुखत नाही म्हणून हात धीट.
इथं थांबला.
नवं ब्लेड घातलं, डेटॉलात बुडवलं.
दाबून कडक लागेल ते ठेव, पिचकेल ते जाऊ दे.
राहिली चार. त्यातलं एक अर्धं.
दांडीपण, मामा म्हणाले.
तिच्यावर अजून दोन फुलं होती.
मी त्यांच्याकडं बघितलं, ते आरशात बघत राहिले.
छाटली.

कापल्या जागी घरच्या डब्यातली दालचिनी, कुटून.
दुकानात घटकाभर लग्नातल्या भाताचा वास.
समोरच्या इस्त्रीवाल्याचा विझलेला कोळसा,
मारुतीच्या पारावरच्या नारळाच्या शेंड्या,
दह्याच्या डब्याला तापल्या दाभणानं भोकं.

मुदस्सर इतका वेळ झाडू धरून उभा.
मग म्हणाला, “उस्ताद, मीपण टाकत होतो.”
किती?
“रोज. माझ्या बाटलीतलं.”

त्याच्या मोहल्ल्यात नळ दहाव्या दिवशी.
आई बाटलीला ओलं फडकं गुंडाळून देते,
ती संध्याकाळपर्यंत पुरवायची.
आणि मी त्याला बोललो होतो एकदा,
चहाच्या टपरीवर दोन-दोन ग्लास
पाणी काय मागत बसतोस म्हणून.

ओरडायला तोंड उघडलेलं होतं.
मिटलं.
मामांची उरलेली दाढी केली.
फेस वाळून गेला होता, पुन्हा लावला.

महिना झाला.
डबा आता मागच्या खिडकीत, धुरकट काचेआड.
पानं सुरकुतलेलीच.
जुनं पान परत ताठ होत नसतं, मामा म्हणतात,
नव्याची वाट बघ.
बुडाशी एक हिरवा ठिपका आलाय,
ज्वारीच्या दाण्याएवढा.
मूळ का पान, अजून कळंना.
गिऱ्हाईक विचारतं, दह्याच्या डब्यात काय लावलंय?
आता मी सांगत बसतो.

शटर वर गेलं की मुदस्सर आधी तिथं जातो,
बाटली पाठीमागं धरून.
“आज?”
“आज नाही. गुरुवारी.”
जरा वेळ उभा राहतो,
मग झाकण फिरवतो
आणि स्वतः पितो.