खारपाणात झुमका

सोमा बेठेकरनं चिखलदऱ्याच्या डाकबंगल्यातून
फुशियाच्या तीन काड्या दिल्या, ओल्या फडक्यात.
म्हणाला, कळी धरलेली काडी घेऊ नका,
तिचं ध्यान कळीतच असते.

पेराखाली तिरपा काप. खालची पानं काढून टाक.
अर्धी वाळू, अर्धा नारळाचा भुसा,
वरून प्लास्टिकचा गिलास उलटा.
त्याले घाम सुटला पाहिजे, आतली उकडली नाही पाहिजे.

आमचं गाव खारपाणात. बोअरचं पाणी
आम्हाले चालते, तिले नाही.
म्हणून विकतच्या कॅनमधलं, वाटीनं.
सासरे पाहतात अन् काही बोलत नाहीत.

एक काडी पोळ्याआधीच काळी पडली.
दुसरी मीच उपटून पाहिली, मुळं फुटली का म्हणून.
फुटली होती.

तिसरी न्हाणीच्या उत्तरेला, रांजणामागं.
दिवाळीनंतर शेंडा खुडायचा होता, हात धजेना.
खुडला.
माघात चार झुमके लोंबले,
लाल, आत जांभळे.

आता ऊन चढेल. सेहेचाळीसपर्यंत जाते इथं.
तिच्याच काड्या लावून ठेवल्या चार,
अन् कुंडी परतवाड्याच्या एस.टी.त दिली सोमाकडे:
उन्हाळाभर माहेरी ठेव म्हणावं.