नव्याण्णव

पुस्तकात शंभर होतं.
बाबांच्या लॅबमध्ये नव्याण्णव.

एकतीस वर्षं ते तिथे परिचर होते,
रजिस्टरात गुणवंत निमजे, पोरांचे निमजेकाका.
बीकरमधलं पाणी खदखदायला लागलं
की पारा नव्याण्णवच्या रेघेवर येऊन बसायचा,
वर सरकायचा नाही.
पोरं वहीत शंभर लिहायची.
"काहून बे? दिसून राहिलं ते लिही ना.
नागपूर काय समुद्रावर आहे?"
तीनशे मीटर उंची, एक अंश कमी.
नव्याण्णव लिहिणाऱ्याला मार्क द्यायचा
अधिकार त्यांना नव्हता.
ते फक्त काचा पुसायचे.

मी मेडिकलमध्ये नर्स. मे महिन्यात उष्माघाताचा वॉर्ड.
आमच्या गावात शहराचा ताप सेल्सिअसमध्ये
आणि माणसाचा फॅरनहाइटमध्ये,
हे कोणी ठरवलं माहीत नाही.
इतवारीतल्या एका हमालाची बायको विचारते,
"सिस्टर, पेपरात तर सेहेचाळीसच आहे,
मग यांना एकशे पाच कसा चढला?"
मी तक्त्यामागे पेन्सिलीने करून दाखवते:
गुणिले नऊ, भागिले पाच, अधिक बत्तीस.
रस्त्याचं उत्तर एकशे पंधरा येतं.
म्हणजे रस्ता जास्त आजारी आहे.
ती बर्फाची पिशवी काखेत सरकवते,
काही बोलत नाही.

दादा फार्गोला. तिकडे हवासुद्धा फॅरनहाइटमध्ये.
एका जानेवारीत फोनवर म्हणाला, "आज चाळीस आहे."
आई म्हणाली, "अरे बाप्पा, कूलर नाही का तुझ्याकडे?"
"उणे, आई. उणे चाळीस."
"कोणत्या मापाचं?" मी विचारलं.
बाबा दोन वर्षांपासून त्याच्याशी बोलत नव्हते,
कारण सांगण्यासारखं नाही.
तरी खाटेवरून, फोनकडे न बघता, म्हणाले,
"उणे चाळीसला मापं विचारत नाहीत.
तिथे दोन्हींचं जमते."
थोड्या वेळाने, तसंच भिंतीकडे बघत,
"पण तिथे माणूस राहू शकत नाही."
दादाला ते ऐकू गेलं की नाही
मी अजून विचारलेलं नाही.

ते गेले तेव्हा नवतपा चालू होता,
तांडापेठेत लाइट नव्हती,
कूलरमधला खस सुकून कडक झालेला.
चार वीस झाले होते. मी नाडी धरून होते.
काका बाहेर उभे राहून सगळ्यांना कळवत होते,
"थंड पडले हो, आत्ताच."

खोलीत त्रेचाळीस होतं. पर्समध्ये थर्मामीटर होता.
मी लावायला नको होता, लावला.
सदतीस. मग, तासाने, सदतीसच्या थोडं वर.
आपल्याकडे मे महिन्यात
मेलेला माणूस थंड पडत नाही,
खोलीकडे हळूहळू चढत जातो.
हे मी कोणाला सांगितलं नाही.
काकांचं वाक्य भाषेत बरोबर होतं.

बाबांचं आवडतं माप केल्विन.
"त्यात उणे नसते," म्हणायचे,
"आणि दुप्पट म्हणायचं तर तिथेच म्हणावं.
वीसच्या दुप्पट चाळीस हा बाजारचा हिशेब आहे."
रात्री मी तोही आकडा काढला:
बाबा तीनशे दहा, खोली तीनशे सोळा.
इतक्या लांबून बघितलं
तर सहाचाच फरक.
आईचं दुःख माझ्या दुप्पट होतं का?
शून्य कुठे धरायचं तेच कळेना.

पहाटे अंघोळ घालताना
पाणी तापवावं लागलं नाही.
गच्चीवरच्या टाकीतून रात्रभराचं ऊन
अजून कढत उतरत होतं.
प्रमिलामावशीने बादलीत दोन तांबे माठातलं ओतलं,
पदर खोचून कोपर बुडवलं,
थोडं थांबली, आणखी अर्धा तांबा घातला,
पुन्हा कोपर.

"जमते," म्हणाली.